जुन्या मोटारीचे पहारेकरी

एखाद्या मोठ्या वाड्यास पुष्कळ दरवाजे असावेत आणि पहारेकरी मात्र दोनच असावेत, तशी स्थिति कित्येक जुन्या मोटारींतील विजेच्या व्यवस्थेची असते. इंग्लंडांत १९४८ सालीं प्रथम विक्रीस आलेली मॉरिस मायनर ही गाडी उदाहरणादाखल घेऊं. तिच्या मूळच्या पेटींत कामाचे फ्यूज दोनच असत. एकाच्या आश्रयास कर्णा वगैरे. दुसऱ्याच्या आश्रयास कांच पुसणारा वायपर, थांबतांना लागणारे तांबडे दिवे इत्यादि. पुढील मोठ्या दिव्यांवर तर कोणाचाच पहारा नसे!

फ्यूज म्हणजे काय? प्रवाह मर्यादेबाहेर वाढला कीं स्वतः वितळून वाट बंद करणारी बारीक तार. प्रवाह दुप्पट झाला तर तारेंत उष्णता चौपट उत्पन्न होते, तिप्पट झाला तर नऊपट. जुन्या गाडीच्या तारांवरील रबराचें आवरण कालांतरानें तडकतें. उघडी तार गाडीच्या लोखंडास लागली, कीं बॅटरींतून शेंकडों अँपिअर प्रवाह धांवूं शकतो. वाटेंत फ्यूज नसेल तर ती तार लाल होते, शेजारच्या तारांस पेटविते, आणि सबंध गाडी अग्नीच्या मुखीं पडते. म्हणून हें पक्कें ध्यानांत धरावें कीं, फ्यूज हा दिव्याचा रक्षक नव्हे. तो तारेचा रक्षक होय.

सुधारणा करावयाची ती अशी. प्रथम बॅटरीची जोडणी सोडावी. जीर्ण तारा बदलाव्या. कुजक्या तारेस नवा फ्यूज लावण्यांत अर्थ नाहीं. मग प्रत्येक मुख्य कामास निराळा फ्यूज द्यावा, व तो प्रवाहाच्या उगमाजवळ बसवावा. कारण फ्यूजच्या अलीकडील तार अरक्षितच राहते. डाव्या व उजव्या दिव्यास वेगवेगळा फ्यूज असावा, म्हणजे रात्रीं एक गेला तरी दुसरा वाट दाखवील.

आतां गणित पाहूं. समजा, एक दिवा ४८ वॅटचा व बॅटरी १२ व्होल्टची आहे. ४८ ला १२ नें भागतां ४ अँपिअर येतात. येथें ८ अँपिअरचा फ्यूज पुरे. मात्र तार त्याहून अधिक प्रवाह सहज सोसणारी हवी.

येथें एक फसगत संभवते. जुन्या ब्रिटिश कांचेच्या फ्यूजवर ३५ हा आंकडा असतो, तो वितळण्याचा. निरंतर प्रवाह तो सुमारें १७ अँपिअरच सोसतो. अमेरिकन पद्धतीच्या फ्यूजवरील ३५ हा आंकडा मात्र निरंतर प्रवाहाचा असतो. केवळ आंकडा जुळवून एकाच्या जागीं दुसरा घातला, तर तारेवर दुप्पट भार येऊं शकतो.

फ्यूज वारंवार जळूं लागला कीं कित्येक लोक त्या जागीं जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटांतील चंदेरी कागद गुंडाळतात. हें म्हणजे चोर आल्याची वर्दी देणाऱ्या पहारेकऱ्याचें तोंड बांधण्यासारखें आहे. फ्यूज जळला तर प्रथम कारण शोधावें, मगच नवा घालावा. हाच नियम आपल्या घरांतील विजेसही लागू आहे. पालकांनी तो पाळावा व मुलांनी आतांपासूनच शिकून ठेवावा, अशी आमची विनंति आहे.