छायाचित्राचे परीक्षण : गुण, दोष आणि सल्ला

छायाचित्रण ही आज सर्वांच्या हाती आलेली कला आहे. १८३९ मध्ये पॅरिस येथे दागेर यांची प्रक्रिया जाहीर झाली, तेव्हा एक चित्र उमटवण्यासाठी चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, पाऱ्याची वाफ आणि पुष्कळ धीर लागत असे. आज वर्गातील बहुतेकांच्या खिशात कॅमेरा आहे. चित्रे काढणारे वाढले; परंतु चित्र पाहावे कसे आणि त्याविषयी बोलावे कसे, याचा विचार त्या मानाने वाढलेला दिसत नाही. स्नेहसंमेलनातील स्पर्धा असो की १९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाचे प्रदर्शन असो, निकाल लागला की दोनच उद्गार ऐकू येतात : ‘छान आहे’ आणि ‘वशिला आहे’. या दोन उद्गारांच्या मध्ये जी मोठी जागा रिकामी राहते, तिचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एकत्र बसून पाहण्याची परंपरा

छायाचित्रांविषयी मंडळी जमवून चर्चा करणे आपल्याकडे नवे नाही. मुंबईत १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या भारतीय सभासदांपैकी होत. छायाचित्रण हे तेव्हा अर्धे रसायनशास्त्रच होते. त्यामुळे एकाला साधलेली कृती दुसऱ्याला सांगितल्यावाचून कोणाचेच पुढे जाणे शक्य नव्हते. आपला मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ (१८४४ ते १९०५) यांनी वेरूळच्या लेण्यांचीही छायाचित्रे घेतली. ती चित्रे त्या काळी राज्याचे वैभव दाखवण्यासाठी होती. आज अभ्यासक त्यांच्याकडे वास्तूंची जुनी नोंद म्हणून पाहतात. चित्र तेच, पण पाहण्याचा हेतू बदलला की त्याचे मोलही बदलते. म्हणून ‘हे चित्र चांगले आहे काय?’ या प्रश्नाच्या आधी ‘कशासाठी चांगले?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

माझ्या घरचे एक उदाहरण देते. औसा तालुक्यातील आमच्या घरी आजोबांचे एकच छायाचित्र आहे आणि ते मतदार ओळखपत्रावरून मोठे करून घेतलेले आहे. चेहरा फिकट, डोळे अर्धे मिटलेले, कडा पुसट. स्पर्धेत त्याला दहापैकी एक गुण मिळणार नाही. पण पोळ्याच्या दिवशी त्याच चित्राला पहिला हार पडतो. स्पर्धेचा परीक्षक गुण देतो तेव्हा तो या दुसऱ्या मोलाचा निकाल लावीत नाही, एवढे त्याने आणि आपणही ध्यानात ठेवावे.

तीन कसोट्या

सोयीसाठी परीक्षणाच्या तीन कसोट्या मानता येतील. पहिली तंत्राची : चित्र हवे तेथे स्पष्ट आहे काय, उजेड योग्य आहे काय. दुसरी रचनेची : चौकटीत काय घेतले, काय सोडले, नजर कोठे जाते. तिसरी आशयाची : चित्र पाहून काही कळते, जाणवते काय.

या तिन्हींचे वजन प्रत्येक चित्रात सारखे नसते. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे १९३२ मधील चित्र प्रसिद्ध आहे. पॅरिसच्या एका रेल्वे स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारीत आहे. माणूस अस्पष्ट आला आहे आणि चित्राची कडही नंतर कापलेली आहे. तरीही त्याची टाच पाण्याला टेकण्यापूर्वीचा तो क्षण आजही पाहणाऱ्याला धरून ठेवतो. रॉबर्ट कापा यांनी ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर घेतलेली चित्रे हललेली आहेत; पण त्या हलण्यातच लढाईची धांदल दिसते. तात्पर्य, अस्पष्टपणा हा नेहमीच दोष नव्हे. मात्र याचा आधार घेऊन प्रत्येक हललेले चित्र ‘कलात्मक’ ठरवू नये. अस्पष्टपणा आशयाला मदत करतो की आड येतो, हे चित्रागणिक पाहावे लागते.

न्याय्य परीक्षणाची पद्धत

परीक्षक प्रामाणिक असला तरी पद्धत ढिसाळ असेल तर निकाल ढिसाळच लागतो. पुढील गोष्टी कोणत्याही महाविद्यालयात विनाखर्च करता येण्याजोग्या आहेत. चित्रकाराचे नाव झाकावे. सर्व चित्रे सारख्या आकारात, सारख्या उजेडात मांडावीत. एक मोठ्या कागदावर आणि दुसरे फोनच्या पडद्यावर, अशी तुलना होऊ शकत नाही. पहिल्या फेरीत गुण न देता सर्व चित्रे नुसती पाहावीत; नाहीतर आरंभीच्या चित्रांना हात आखडता राहतो. परीक्षक किमान तीन असावेत आणि प्रत्येकाने आपले गुण चर्चेपूर्वी कागदावर लिहावेत. एखादे चित्र आपल्या नातलगाचे किंवा शिष्याचे असल्याचे ओळखू आले, तर त्यापुरते परीक्षकाने बाजूला बसावे.

गुणांच्या सरासरीवरही आंधळा विश्वास ठेवू नये. समजा, एका चित्राला तिघांनी ६, ६, ६ असे गुण दिले आणि दुसऱ्याला ९, ६, ३. दोन्हींची सरासरी ६ च येते. पहिले चित्र कोणालाच खटकले नाही आणि कोणालाच फारसे भिडलेही नाही. दुसऱ्यात एकाला काहीतरी मोठे दिसले, ते दुसऱ्याला दिसलेच नाही. अशा वेळी ९ आणि ३ देणाऱ्यांनी आपापली कारणे सांगावीत. प्रदर्शनातील खरी चर्चा येथून सुरू होते.

खरेपणाचा प्रश्न

लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ चे सर्वोच्च पारितोषिक कुंपणावरून उडी मारणाऱ्या एका लांडग्याच्या चित्रास मिळाले. पुढे तो लांडगा रानातला नसून बहुधा माणसाळवलेला आहे, असे परीक्षकांचे मत झाले आणि जानेवारी २०१० मध्ये पारितोषिक काढून घेण्यात आले. छायाचित्रकाराने आरोप नाकारला होता. चित्राची रचना त्या निर्णयाने बदलली नाही. ते ज्या अटीवर मांडले होते ती अट मोडली, असा निर्णयाचा आधार होता. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने सोनी जागतिक छायाचित्र स्पर्धेतील पारितोषिक स्वतःच नाकारले आणि आपले चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले असल्याचे सांगितले. म्हणून काय चालेल आणि काय चालणार नाही, हे नियमात आधीच लिहिले पाहिजे. उजेड कमीजास्त करणे चालेल काय? आकाश बदलणे चालेल काय? माणसाला उभे करून घेतलेले चित्र ‘सहज टिपलेले’ म्हणून मांडता येईल काय?

विषयाची भुरळ

आपल्या भागातील प्रदर्शनांत एक अडचण विशेष जाणवते. सुंदर चेहऱ्याचे चित्र सुंदरच असते, असा जसा समज आहे, तसाच दुःखाचे चित्र थोरच असते, असाही समज आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसे दगावली. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. या प्रसंगांची चित्रे बाहेरच्या जगाने पाहिली. ती काढली गेली हे योग्यच झाले. त्यावाचून मदतीची गरज दूरवर पोचली नसती. परंतु तेव्हापासून ‘मराठवाडा’ म्हटले की तडकलेली भुई आणि रिकामा हंडा, हा साचा आमचेच विद्यार्थीही गिरवू लागले, आणि परीक्षकही त्यांना दयेपोटी गुण देऊ लागले.

मागील वर्षी एका प्रदर्शनात गुणांची यादी लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. तेथे सुरकुतलेल्या म्हाताऱ्याच्या एका चित्रास पहिले पारितोषिक मिळाले. तो म्हातारा कोण, त्याला विचारले होते काय, हे कोणी विचारले नाही. त्याच प्रदर्शनात माझ्या एका मैत्रिणीने टँकरभोवतीच्या गर्दीचे चित्र मांडले होते : मध्ये तिची माय, हातात रबरी नळी, सभोवती घागरी, पण मायचा चेहरा चौकटीबाहेर, फक्त हनुवटी आत. ‘डोके कापले आहे, प्राथमिक चूक,’ एवढा शेरा आणि दहापैकी तीन गुण. रात्री वसतिगृहात तिने मला सांगितले की मायनेच बजावले होते : “माझं तोंड येऊ देऊ नको बाई. पाण्यासाठी भांडतानाचं सोयऱ्याधायऱ्यांनी बघावं काय?” तिने चेहरा चुकून कापला नव्हता, मायचा शब्द पाळला होता. त्यानंतर तिने कोठेही चित्र दिलेले नाही.

परीक्षकावर सगळा दोष टाकणेही न्यायाचे होणार नाही. नाव झाकलेले, चित्राखाली ओळ नाही. त्याला हे कळावे कसे? शिवाय हनुवटी अर्धवट राहिल्याने ते चुकून कापल्यासारखेच दिसत होते. चौकट खांद्याच्या खाली घेतली असती तर हात, नळी आणि घागरी हाच विषय आहे, हे स्पष्ट झाले असते आणि मायचा शब्दही राहिला असता. पण हा सल्ला तिला मिळालाच नाही. ‘चेहरा का वगळलास?’ एवढा एक प्रश्न कोणी विचारला असता तर तो मिळाला असता.

सल्ला कसा द्यावा

यावरून सल्ल्याचे काही नियम सुचतात. आधी आपल्याला काय दिसले ते सांगावे आणि चित्रकाराला काय दाखवावयाचे होते ते विचारावे. दोहोंतील अंतर हाच चर्चेचा विषय. बोलणे चित्राविषयी असावे, माणसाविषयी नसावे. ‘तुला रचना कळत नाही’ यातून कोणी काही शिकत नाही. ‘डावीकडचा खांब नजर ओढून घेतो’ यातून शिकतो. दहा दोष न मोजता पुढच्या वेळी करता येण्याजोगी एक गोष्ट सांगावी, आणि ती ऐकणाऱ्याच्या ऐपतीत असावी. फोनवर चित्रे काढणाऱ्या मुलाला महागडे भिंग सुचवणे म्हणजे अनवाणी माणसाला घोडा सुचवण्यासारखे आहे. त्याला ‘दोन पावले पुढे जा’ हे सांगता येते.

एक उदाहरण पाहू. आपल्याकडची काळी जमीन चित्रात पुष्कळदा राखाडी उतरते. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा भाग समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. चौकटीत काळे रान अधिक असले की तो उजेड वाढवतो आणि शेतकऱ्याचे पांढरे धोतर नुसते पांढरे फटक होते, त्याच्या चुण्या नाहीशा होतात. अशा वेळी फोनच्या पडद्यावर धोतराच्या जागी बोट टेकवून उजेड थोडा कमी केला, तर माती काळी राहते आणि चुण्याही दिसतात. ‘रंग बरोबर नाहीत’ हा नुसता शेरा झाला. वर सांगितला तो सल्ला होय.

सल्ला घेणाऱ्याचेही कर्तव्य आहे. प्रत्येक शेऱ्याला लगेच उत्तर देऊ नये. दोन निरनिराळ्या माणसांनी एकच जागा दाखवली तर तेथे काहीतरी आहे असे समजावे. पटले नाही तर आपले चित्र तसेच ठेवण्याचा अधिकार त्याला आहेच.

शेवटी एक सूचना नम्रपणे मांडते. आपल्या महाविद्यालयाच्या पुढील प्रदर्शनात प्रत्येक चित्राखाली चित्रकाराने एक ओळ लिहावी : काय दाखवावयाचे होते, आणि चित्रातील माणसाला विचारले होते काय. निकालानंतर परीक्षकांनी त्याखाली तीन ओळी लिहाव्यात : काय साधले, काय राहिले, पुढे काय करावे. चाळीस चित्रांना तीन परीक्षकांची एक दुपार पुरेल. पारितोषिके तिघांनाच मिळतील. पण उरलेले सदतीस जणही काहीतरी घेऊन घरी जातील.

बी. ए. द्वितीय वर्ष