मार्ग मोकळा आहे काय?

आमच्या उधना जंक्शनावर मुंबई-अहमदाबाद मार्गास जळगावचा फाटा मिळतो. हा फाटा आम्ही वर्गाच्या फरशीवर खडूने रेखाटला. मधली स्थानके गाळून उधना, चलथाण व बारडोली एवढीच घेतली आणि काड्यापेट्यांच्या गाड्या केल्या.

नियम एकच: दोन स्थानकांमध्ये एका रुळावर एका वेळी एकच गाडी. चलथाणपुढे मालगाडी बंद पडली असे मानले. मागे प्रवासी गाडी खोळंबली. आमचे चलथाणचे 'स्टेशनमास्तर' अधीर होऊन म्हणाले, "एव्हाना ती पोचली असेल, सोडा!" काड्यापेट्या आदळल्या. वर्ग प्रथम हसला, मग गप्प झाला.

प्रत्यक्षात अशा वेळी गार्ड बंद गाडीच्या मागे ६०० मीटरवर एक व १२०० मीटरवर तीन फटाके रुळावर लावतो. ते चाकाखाली वाजताच येणारा ड्रायव्हर वेग कमी करून अडथळ्याआधी थांबता येईल अशी गाडी ताब्यात ठेवतो. मदतीचे इंजिन लेखी परवान्यावाचून आत शिरत नाही. गाडी पूर्ण आली याची पुढील स्टेशनात खात्री व्हावी लागते; कारण तुटून मागे राहिलेला एखादा डबाही मार्ग अडवितो.

आम्ही डाव पुन्हा मांडला. प्रवासी गाडीस वीस मिनिटे उशीर झाला. पण ती सुखरूप पोचली. 'असेल' आणि 'आहे' यांतील अंतर आम्हांस त्या दिवशी कळले.