साखळी की पट्टा

चि. बाळूस,


लोबेड ट्रेलरवर काम लागल्याचे ताईने कळवले, फार आनंद झाला. पोकलेन चढवायला तू लवकर शिकशील, पण बांधायला घाईने शिकू नकोस. साखळी वापरावी की रॅचेटचा पट्टा, हे तू विचारलेस. नुसत्या वजनावरून ते ठरत नाही. बंध कशावर टेकतो आणि ओढ कशी येते, हे आधी पाहा.

पोकलेन, डोझर, रोलर यांना साखळीच. पोलादी कडेवर पॉलिएस्टरचा पट्टा हादऱ्यांनी घासत राहतो आणि कापला जातो. उन्हानेही त्याचा धागा कमजोर होतो. शिवाय पट्टा थोडा ताणतो. कसारा घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला की वीस टन पुढे सरकू पाहतात, तिथे तेवढीही ढिलाई नको. जनरेटरसारख्या पत्र्याच्या यंत्राला मात्र पट्टा बरा, कारण साखळी पत्रा चेपते. पट्ट्याखाली कोपऱ्यांवर जाड गार्ड घाल.

साखळीच्या जाडीइतकाच तिचा ग्रेड पाहा. 70 ग्रेडची 10 मिमीच्या आसपासची साखळी सुमारे 3 टनांच्या कामाची, 13 मिमीची 5 टनांच्या. अमेरिकेतला नियम असा, की 4,536 किलो किंवा त्याहून जड यंत्राला किमान चार बंध हवेत. यंत्रापासून ट्रेलरपर्यंत थेट जाणाऱ्या बंधाची निम्मीच ताकद धरायची आणि एकूण बेरीज यंत्राच्या निम्म्या वजनाइतकी भरायला हवी. वीस टनांच्या पोकलेनला 10 मिमीच्या चार साखळ्या लावल्यास बेरीज 6 टन होते, म्हणजे अपुरी. 13 मिमीच्या चार लावल्यास 10 टन भरतात. हा हिशेब तूही पाळ. बूम आणि बकेट खाली टेकवून वेगळे बांध.

रुतलेली गाडी ओढताना गोष्ट उलटी होते. झटका द्यायचा असेल तर नायलॉनचा ताणणारा रिकव्हरी पट्टाच घे. साखळी ताणत नाही, म्हणून झटक्याचा सगळा जोर कडीवर येतो आणि तुटलेला तुकडा गोळीसारखा उडतो. साखळीनेच ओढावे लागले तर आधी ढील काढ, मग सावकाश ओढ. पट्टा तुटला तरी तोही उसळतो. म्हणून तो शॅकलने मजबूत टो-हुकलाच लाव, बंपरला किंवा ट्रेलरच्या बॉलला कधीच नाही, आणि माणसे लांब उभी कर. माल बांधायच्या पट्ट्याने गाडी ओढू नकोस, ओढायच्या पट्ट्याने माल बांधू नकोस.

कापलेला, शिवण उसवलेला किंवा ताकदीचे लेबल गेलेला पट्टा बाद कर. गाठ मारून तो वापरू नकोस. वाकलेली, लांबलेली कडी दिसली तर ती साखळीही बाजूला ठेव. निघाल्यावर थोड्या अंतरावर थांबून सगळे बंध पुन्हा आवळ.

ट्रेलरमागून दुचाकीवर येणाऱ्याला तू कसे बांधलेस ते ठाऊक नसते, तरी तो तुझ्या भरवशावर चाललेला असतो. बांधणी अपुरी वाटली तर गाडी हलवू देऊ नकोस, मालक समोर उभा असला तरी.

तुझा,
मामा