अल्पाक्षरी इंग्रजी शब्दांची मराठीतील शब्दजाती : रेवस धक्क्यावरील भाषाव्यवहाराच्या आधारे

रेवस हे अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाचे बंदर. धरमतर खाडीच्या मुखाशी असलेल्या या धक्क्यासमोर उरण तालुक्यातील करंजा आहे, आणि मुंबईच्या भाऊच्या धक्क्याशी रेवसचे लाँचने असलेले दळणवळण जुने आहे. कोळी, आगरी, चाकरमानी, पर्यटक अशा सर्वांच्या बोलण्यातून येथे 'लाँच', 'बोट', 'बस', 'पास', 'फुल', 'चेक', 'लेट' असे एकदोन अक्षरांचे इंग्रजी शब्द सतत कानी पडतात. या शब्दांची शब्दजाती कोणती, असे वर्गात विचारले असता उत्तर बहुधा इंग्रजी कोशातून आणले जाते. गफलत होते ती तेथेच.

इंग्रजीतील 'राउंड' हा एकच शब्द रूप न बदलता नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अशी पाच कामे करतो. मराठीत तोच शब्द 'राउंड मारणे' एवढ्या नामापुरता उरतो. याउलट 'अप' आणि 'डाउन' हे इंग्रजीतील क्रियाविशेषणवजा शब्द मराठीत 'रोजचे अप-डाउन' असे चक्क नपुंसकलिंगी नाम होतात. म्हणजे शब्द येतो, पण त्याची जात त्याच्यासोबत येतेच असे नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणापासून इंग्रजी व्याकरणाच्या वळणाची शब्दजातींची मांडणी मराठीत रूढ होत गेली. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त या मांडणीची साक्षेपी चिकित्सा आढळते. तरीही उसन्या शब्दांच्या बाबतीत अध्यापक कोशातील शिक्क्यावरच विसंबतात.

'बोट' हा शब्द पाहण्यासारखा आहे. मराठीत हाताचे 'ते बोट' आधीपासून होते. समुद्रावरची 'ती बोट' नंतर आली. उच्चार एक, शब्दजाती एक. परंतु लिंगाने दोघांची फारकत केली. अनेकवचनी 'बोटे' आणि 'बोटी', तृतीयेत 'बोटाने' आणि 'बोटीने'. 'बोटाने बोट दाखवली' या वाक्यात मराठी माणूस क्षणभरही घोटाळत नाही. 'बोट' येथे पूर्ण मुरली आहे.

'बस' मात्र तशी मुरलेली नाही. 'बस! बस आली, तू येथेच बस' या वाक्यात एकच उच्चार तीन शब्दांचा आहे: फारसीतून आलेला केवलप्रयोगी, इंग्रजी नाम आणि मराठी क्रियापद. या नामाचे सामान्यरूप होत नाही. 'बसने' असेच म्हणतात. 'बोटीने'च्या धर्तीवर 'बशीने' म्हणावे, तर बशीतून अलिबागला जाता येत नाही. पण अर्थाचा घोटाळा हे एकच कारण मानता येणार नाही. 'लाँच'ला असा कोणताच अडथळा नसताना तिचेही बहुधा 'लाँचने' असेच होते. अकारान्त स्त्रीलिंगी नामाला मराठीत दोन वाटा आहेत: 'वीट–विटेने' आणि 'भिंत–भिंतीने'. 'बोट' दुसऱ्या वाटेने गेली. 'लाँच'ने अद्याप वाट निवडलेली नाही. लिंग मिळाले, पण सामान्यरूप मिळाले नाही, अशी ही मधली अवस्था होय. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी सेवा सुरू झाल्यावर 'रोरो' हा शब्द या परिसरात रुळला. मूळ इंग्रजीत ती क्रियापदांची आद्याक्षरे. मराठीत 'रोरो सुटली' असे स्त्रीलिंगी नाम तयार झाले.

'फेरी' हा शब्द तर अभ्यासकालाही चकवील. 'शेवटची फेरी गेली' यातील 'फेरी' मराठी आहे, 'फेर'शी नाते सांगणारी. ती खेप दर्शविते. 'फेरीबोट' यातील 'फेरी' इंग्रजी, आणि त्या भाषेत ती मुळात पार नेण्याची क्रिया होती. लाँचच्या प्रवाशाला हे वेगळेपण जाणवण्याचे कारण नाही.

सर्वांत अवघड प्रश्न 'चेक'चा आहे. 'बँकेचा चेक' येथे तो पुल्लिंगी नाम आहे. 'तिकिटे चेक केली' येथे काय आहे? तो नाम व कर्म असता, तर क्रियापद त्याच्याप्रमाणे चालून 'तिकिटांचा चेक केला' असे झाले असते. 'तिकिटांचे चेकिंग केले' यात तसे होते: 'तिकीट' षष्ठीत जाते आणि क्रियापद 'चेकिंग'प्रमाणे नपुंसकलिंगी एकवचनी होते. 'तिकिटे चेक केली' यात मात्र क्रियापद तिकिटांनुसार चालते. 'चेक'ला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. इंग्रजीत तो क्रियापद असला तरी मराठीत आख्याताचे प्रत्यय त्याला लागत नाहीत. परंपरेच्या आठ कप्प्यांपैकी एकातही तो नीट बसत नाही.

हा दोष इंग्रजीच्या संसर्गाचा म्हणावा, तर तसेही नाही. 'शिक्षा माफ केली', 'रक्कम जमा केली', 'फेरी रद्द केली' ही वाक्ये अगदी याच घडणीची आहेत. अरबी-फारसी शब्दांनी शतकांपूर्वी मराठीत जी जागा तयार केली, तीत आता 'चेक', 'कॅन्सल', 'सेट' येऊन बसले. 'लाँच रद्द केली' आणि 'लाँच कॅन्सल केली' यांत वाक्यरचनेचा तिळमात्र फरक नाही. इंग्रजी शब्दांमुळे मराठीची घडण बिघडते अशी तक्रार करणाऱ्यांनी प्रथम 'रद्द'ची शब्दजाती सांगावी.

'लेट'ची स्थिती याहून अस्थिर आहे. 'लाँच लेट आहे' येथे तो विधिविशेषण, 'लाँच लेट आली' येथे क्रियाविशेषण. परंतु 'लेट लाँच' असे नामाआधी सहसा कोणी म्हणत नाही. 'आम्हांला उशीर झाला' याच्या जागी 'आम्हांला लेट झाले' असे ऐकू येते, तेव्हा 'उशीर'चे पुल्लिंग 'लेट'कडे आलेले नसते; जुळवून घेण्यास नाम न सापडल्याने क्रियापद नपुंसकलिंगात थांबते. एखाद्याने 'आम्हांला लेट झाला' असे म्हटलेच, तर त्याच्यापुरता तो शब्द नाम झाला, असेच म्हणावे लागेल.