कोचीला जाताना वार बघा

कोचीतल्या मट्टांचेरीच्या राजवाड्याबाहेर सावलीचा तुकडा शोधून आई बसली, तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. दार बंद. शुक्रवारी राजवाडा बंदच असतो, हे तिथल्या शहाळेवाल्याने सांगितलं. राजाच्या शय्यागृहातली रामायणाची भित्तिचित्रं बघायची म्हणून आई सत्तराव्या वर्षी कोकण रेल्वेने इतक्या लांब आली होती. ‘पुन्हा कधीतरी येऊ,’ मी म्हटलं. ती काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

तिथून चालत काही मिनिटांवर परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं १५६८ सालचं प्रार्थनास्थळ. तेही शुक्रवारी दुपारपासून बंद होतं, शनिवारी पूर्ण बंद. शनिवारी आमची आलप्पुळाची सहल आधीच पैसे भरून ठरलेली, रविवारी सकाळी परतीची गाडी. थोडक्यात, कोचीत जे बघायचं ते सोडून आम्ही सगळं बघून आलो. चूक माझीच होती. तिकिटं काढताना मी तारखा पाहिल्या, वार पाहिला नाही.

दुसरी चूक खोलीची. जाहिरातीत ‘फोर्ट कोचीजवळ’ असं होतं आणि नकाशावरही ते खरं वाटत होतं. प्रत्यक्षात खोली एर्नाकुलमला, म्हणजे पाण्याच्या पलीकडे. तेवारा, विलिंग्डन बेट, तोप्पुम्पडी असे पूल ओलांडत रस्त्याने दहा-बारा किलोमीटर होतात, आणि संध्याकाळी त्या पुलांवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. म्हणून खोली ठरवताना घरमालकाला सरळ विचारा, घर फोर्ट कोचीच्या बाजूला की पाण्याच्या पलीकडे? फोर्ट कोचीतल्या सेंट फ्रान्सिस चर्चपासून चालत किती मिनिटं? नुसतं ‘कोची’ म्हटलं तर ते फार मोठं शहर आहे. विमानतळ तर नेडुंबश्शेरीला, आणखी लांब. एर्नाकुलमला राहावंच लागलं तर रस्त्याचा नाद सोडा आणि बोटीने जा. सरकारी बोटीचं तिकीट अगदी स्वस्त, २०२३पासून वॉटर मेट्रोही आहे. शेवटची बोट किती वाजता हे मात्र जातानाच धक्क्यावर विचारून ठेवा.

तिसरी गोष्ट सांगायला अजून वाईट वाटतं. एका रिक्षावाल्याने अगदी थोड्या पैशांत सगळीकडे फिरवतो म्हटलं आणि आम्हाला एका मोठ्या चकचकीत दुकानात नेऊन उतरवलं. गिऱ्हाईक आणलं की त्याला तिथे काही मिळतं, हे नंतर समजलं. मी दीड किलो मिरी घेतली. घरी येऊन आईने मूठभर पाण्यात टाकली, तर निम्मी वर तरंगली. भरलेली मिरी तळाला बसते. हलकी, पोकळ मिरी आणि पपईच्या बिया वर येतात. आम्ही वेंगुर्ल्याची माणसं, दारात मिरवेल असणारी. तरी फसलो. मट्टांचेरीच्या बझार रोडवर जुन्या वखारी आहेत, सुंठीचा आणि मिरीचा वास रस्त्यावर येतो, तिथे सकाळी जा. आख्खा मसाला घ्या, पूड घेऊ नका. वाटीभर पाणी मागायला लाजू नका, चांगला व्यापारी ते स्वतःच पुढे करतो.

दोन वर्षांनी आईला घेऊन पुन्हा गेले. या वेळी रविवारी पोहोचलो, बुधवारी निघालो, फोर्ट कोचीत एका घरात वरच्या मजल्यावर खोली घेतली. वरचा मजला मुद्दाम मागितला. पावसाळ्यात आणि मोठ्या भरतीला इथल्या सखल गल्ल्यांत पाणी येतं, तळमजल्याच्या खोल्यांत ओल राहते. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत नैर्ऋत्य आणि ईशान्य हे दोन्ही मोसमी पाऊस इथे पडतात, त्यामुळे वयस्कर माणूस बरोबर असेल तर जानेवारी-फेब्रुवारी बरा. एकतीस डिसेंबर मात्र टाळा. सरत्या वर्षाचं प्रतीक असलेल्या पप्पांजीचा पुतळा जाळायला त्या रात्री अख्खा जिल्हा लोटतो आणि वाहन मिळत नाही.

संध्याकाळी चिनी जाळ्यांपाशी बसलो. एक माणूस मोठ्या वाशावरून पुढे चालत गेला, त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरलं. थोड्या वेळाने पाच जणांनी मागचे दोर ओढले. दोरांना एकाखाली एक धोंडे बांधलेले असतात, त्यांच्या भाराने ते अवाढव्य जाळं अलगद वर येतं. आत मूठभर मासळी आणि एक खेकडा. आमच्याकडे रापण ओढायला अर्धा वाडा लागतो, म्हणून आई टक लावून बघत होती. तुम्हालाही दोर ओढायला बोलावतील. हौसेने ओढा, पैसे आधी ठरवा. कडेच्या टपऱ्यांवरची बहुतेक मासळी या जाळ्यांतली नसते. घ्यायची तर मासळीचा भाव वेगळा, शिजवण्याचा वेगळा, आणि वजन समोर.

सोमवारी सकाळी राजवाडा. पोर्तुगीजांनी तो १५५५मध्ये बांधून कोचीच्या राजाला दिला, १६६३नंतर डचांनी डागडुजी केली म्हणून लोक त्याला डच राजवाडा म्हणतात. वेंगुर्ल्यात डच वखारीच्या पडक्या भिंती बघत मी लहानाची मोठी झाले. त्याच लोकांनी हा राजवाडा नीट केला, हे बघताना पोटात काहीतरी हललं. आई भित्तिचित्रांसमोर पाऊण तास उभी होती. मधूनच एखादा प्रसंग ओळखून मला हाताने दाखवायची.

नंतर चेरळाईच्या तिरुमल देवस्थानाकडे गेलो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मछळाला कंटाळून गोवा सोडलेली सारस्वत कुटुंबं कोचीत आली, हे त्यांचं देऊळ. डच गव्हर्नर व्हान रेडेच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या वनस्पतिग्रंथासाठी इट्टी अच्युदन या मलयाळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या याच समाजातल्या तीन कोकणी वैद्यांनी काम केलं. त्यांचं १६७५चं प्रमाणपत्र त्या ग्रंथात नागरी लिपीत छापलेलं आहे. मराठी माणसाने मट्टांचेरीत ही वस्ती न बघता परत येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. केरळातल्या बऱ्याच देवळांत पुरुषांना सदरा काढून मुंडू नेसावा लागतो, तो बरोबर ठेवा.

देवळाबाहेर एका आजीबाईंनी आईचा घामाघूम चेहरा बघून कोकणीत विचारलं, ‘उदाक?’ आईचं माहेर गोव्यातल्या पेडण्याचं. ती एकदम उजळली. ‘बाये, ही तर आपलीच भास गो!’ मग दोघी ओट्यावर बसल्या. कुलदैवत, सोलकढी, सुना, गुडघे. अर्धंमुर्धं समजत होतं, त्यात कोणाचं काही अडलं नाही. मी दोनदा घड्याळ दाखवलं, आईने दोनदा मान फिरवली.

सिनेगॉगची वेळ त्या दिवशी टळली. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, सकाळी दहाला पायताण काढून आम्ही तिथल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशांवर उभ्या होतो.