बाइकला फ्युएल कंट्रोलर : डबा कितीचा, खर्च कितीचा?

बाइक शोरूममधून आली तशीच असेल, सायलेन्सर आणि फिल्टर कंपनीचेच असतील, तर फ्युएल कंट्रोलर घेऊ नका. कमी वेगात झटके बसतात, इंजिन तापतं, पिकअप मंद वाटतो, अशी तक्रार असेल तर आधी थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, एअर फिल्टर आणि प्लग बदला, व्हॉल्व्ह क्लिअरन्स आणि चेनचा ताण तपासा. साधारण दीड-दोन हजारांचं काम आहे आणि बऱ्याच जणांचं दुखणं तिथेच संपतं.

पूर्ण एक्झॉस्ट किंवा जास्त हवा ओढणारा फिल्टर बसवला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. हवा वाढते, पेट्रोल त्या हिशेबात वाढत नाही, इंजिन लीन चालतं. कंट्रोलर इंजेक्टरला जाणारा सिग्नल बदलून पेट्रोल वाढवतो. म्हणजे बाइक फ्युएल इंजेक्शनची हवी. बीएस-४ काळातली क्लासिक ३५० कार्ब्युरेटरची आहे. तिला जेट बदलून मिळतो, काही शेकड्यांत काम होतं. तिच्यासाठी कोणी डबा विकायला लागला तर दुकान बदला.

डब्याचे तीन भाव आहेत, सगळे ढोबळ. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा फ्युएलएक्स आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो. अशा देशी, प्लग-अँड-प्ले डब्याला मॉडेलप्रमाणे ७ ते १४ हजार धरा. त्याच कंपनीचा पॉवरट्रॉनिक पेट्रोलसोबत इग्निशनही हाताळतो आणि त्याची किंमत त्याहून बरीच वर जाते. डायनोजेटचा पॉवर कमांडर अमेरिकेतून येतो. मोठ्या बाइकसाठी तो चांगला, पण किंमत विचारताना ‘कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरून हातात किती?’ असंच विचारा. परदेशी वेबसाइटवरचा आकडा आणि कुरिअरवाल्याने दारात मागितलेला आकडा यांची गाठ पडत नाही.

ऑर्डर देण्याआधी बाइकचं मॉडेल, वर्ष आणि बीएस-४ की बीएस-६ हे आरसी बुकात पाहून सांगा. नाव तेच असलं तरी कप्लर आणि सेन्सर बदललेले असतात. सेकंडहँड डबा घेताना तर हे दोनदा तपासा. दुसऱ्या मॉडेलचा डबा ‘वायर जोडून बसवून देतो’ असं कोणी म्हणालं तर तिथून निघा.

फिटिंगला तास-दोन तास लागतात आणि मजुरी ५०० ते १५०० रुपये. सीट काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, टाकी उचला, इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सरचे कप्लर सोडून मधे कंट्रोलरचे जोडा. काही किटमध्ये आणखी एखाद-दोन कप्लर असतात. मेकॅनिककडे बाइक सोडून जाऊ नका, शेजारी उभे राहा. इंजेक्टरच्या कप्लरला बारीक लॉक असतं. ते दाबून सोडायचं असतं, वायर धरून ओढलं की लॉक तुटतं आणि पुढे पावसाळ्यात गाडी मधेच बंद पडते. एकही वायर कापू द्यायची नाही, सोलून टेप गुंडाळू द्यायची नाही. वायर सायलेन्सरच्या पाइपला किंवा हँडल वळताना गळ्यापाशी घासत नाही ना, हे हँडल दोन्ही बाजूंना फिरवून पाहा. शेवटी चावी लावल्यावर पंपाचा आवाज दोन-तीन सेकंद यायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर चेक लाइट विझायला हवा. विझला नाही तर पैसे देऊ नका.

आता ट्युनिंग. साध्या डब्यात तयार मॅप, म्हणजे किती पेट्रोल द्यायचं याचे ठरलेले तक्ते असतात, ते बटणाने बदलता येतात. सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत कमी पेट्रोलच्या मॅपपासून सुरुवात करा आणि प्रत्येक मॅपवर एक टाकी चालवा. सगळ्यात वरचा मॅप म्हणजे सगळ्यात जास्त ताकद, हा गैरसमज आहे. हवा-पेट्रोलचं आदर्श प्रमाण साध्या पेट्रोलसाठी १४.७ ला १ मानतात आणि पूर्ण थ्रॉटलला ताकद साधारण १३ च्या आसपास मिळते. आकडा त्याहून फार खाली गेला, म्हणजे पेट्रोल फारच वाढलं, की ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शाबूत असेल तर न जळलेलं पेट्रोल तिथे जळून तोही तापतो आणि खराब होतो. कन्व्हर्टर बदलायला लागला तर डब्याहून महाग पडू शकतो.

डायनोवर, म्हणजे बाइकची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर ट्युनिंग करायचं असेल तर मुंबई-पुण्यात आधी फोन करून वेळ घ्या, अर्धा दिवस जाईल असं धरा. ‘रन’चे पैसे वेगळे आणि मॅप बनवण्याचे वेगळे असतात. काही हजारांपासून सुरू होऊन दहा-पंधरा हजारांपर्यंत जातं. छुपा खर्च इथेच आहे. हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावायला एक्झॉस्टला आट्याचं भोक हवं, नसेल तर वेल्डिंगचे पैसे वेगळे. नंतर सायलेन्सर बदलला तर मॅप पुन्हा, पैसेही पुन्हा. आधीचा आणि नंतरचा आलेख, शिवाय मॅपची फाइल स्वतःकडे मागून घ्या. फाइल द्यायला जो नकार देतो त्याच्याकडे जाऊ नका. आणि ‘कानाने ट्यून करतो’ हे कार्ब्युरेटरच्या जमान्यात ठीक होतं. मीटर न लावता पैसे मागणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : फुल थ्रॉटलला रेशो किती ठेवला?

ऑनलाइन ३००-४०० रुपयांना मिळणारे ‘पॉवर चिप’ पाहिले असतील. त्यांतल्या बऱ्याच डब्यांत एक रेझिस्टर असतो. तो हवेच्या तापमानाच्या सेन्सरच्या नावाने इंजिनच्या कॉम्प्युटरला खोटं सांगतो की हवा थंड आहे, आणि इंजिन सगळीकडे सारखंच पेट्रोल वाढवतं. फुकट दिलं तरी घेऊ नका.

कागदपत्रांचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करायला मनाई करतं. नियमाबाहेरचा बदल केलेल्या मालकाला कलम १८२अ(४) नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसांचं लक्ष सहसा डब्यापेक्षा सायलेन्सरच्या आवाजाकडे जातं, पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर सीटखाली पाहू शकतो. बदल विमा कंपनीला आधी लेखी कळवा. वॉरंटी चालू असेल तर इंजिन किंवा इलेक्ट्रिकलचा क्लेम नाकारला जाण्याची तयारी ठेवा. ‘वॉरंटी जात नाही’ असं दुकानदार म्हणाला तर ते बिलावर लिहून मागा. नाही लिहिणार. बिल मात्र जीएसटीचं, सिरियल नंबरसह घ्या, कारण डब्याची वॉरंटी त्यावरच चालते.

फिटिंग झाल्यावर जुन्या पीयूसीची मुदत बाकी असली तरी आठवड्याभरात मशीनवर नव्याने तपासून घ्या. आकडे वाढलेले दिसले तर मॅप एक पायरी खाली आणून पुन्हा तपासा. फोटो काढून पाच मिनिटांत पीयूसी देणाऱ्या केंद्रावर जाण्यात काही अर्थ नाही. तुम्हाला कागद नको आहे, आकडा हवा आहे.