रस्त्याच्या कामाचे सामान : भरावे कसे, बांधावे कसे?

रस्त्याचा मोठा ठेका कोणीही घेवो, वाहतूक वळविण्यासाठी लागणारे लोखंडी बॅरिकेड बनविणारा वेल्डर, फलक रंगविणारा पेंटर व हे सामान पोहोचविणारा टेम्पोवाला हे बहुधा आपल्यासारखेच छोटे व्यावसायिक असतात. माल मजबूत असावा याची ते काळजी घेतात. पण तो टेम्पोत कसा भरावा याचा विचार फारसा होत नाही. चालत्या टेम्पोतून एक बॅरिकेड निसटले, तरी मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या जिवावर बेतते. म्हणून या धंद्यातील बांधवांसाठी काही गोष्टी आम्ही येथे मांडत आहोत.

क्रम : जे प्रथम उतरवायचे, ते शेवटी भरावे. जागेवर पोहोचताच आधी ‘पुढे काम चालू आहे’ हा फलक लावावा लागतो. त्यानंतर कोन आणि मग बॅरिकेड. फलक तळाशी दडपला असेल, तर मजुरांना भर वाहतुकीत कोणत्याही इशाऱ्याविना सामान उपसावे लागते. काम संपल्यावर उलट क्रमाने उचलावे : आधी बॅरिकेड, मग कोन, शेवटी फलक. म्हणजे फलक आपोआप फाळक्याजवळ येतो आणि गाडी दुसऱ्या दिवसासाठी तयार राहते.

वजन : वाळूच्या गोण्या, लोखंडी पाय असा जड माल तळाला, केबिनकडील फळीला टेकवून व दोन्ही बाजूंना सारखा ठेवावा. मागच्या चाकांच्याही मागे वजन गेले, तर पुढची चाके हलकी पडतात व स्टिअरिंगवर ताबा राहत नाही. प्लास्टिकच्या बॅरियरमधील पाणी पूर्ण काढूनच ते भरावेत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. रिकामे बॅरियर वाऱ्याने उडतात, म्हणून तेही बांधावेत. फलकाचे पत्रे कडेवर उभे करून बाजूच्या फळीला आवळावेत.

बांधणी : युरोपातील मानकांनुसार माल पुढे सरकू नये म्हणून वजनाच्या 80 टक्के, तर बाजूंना व मागे 50 टक्के जोर सोसेल अशी बांधणी लागते. म्हणजे 500 किलोचे बॅरिकेड असतील, तर जोराचा ब्रेक लागताच केबिनच्या दिशेने 400 किलोचा रेटा येतो, असे धरून चालावे. तेथे सुतळी टिकत नाही. रॅचेटचे पट्टे वापरावेत. मालावरून घेतलेला पट्टा जितका उभा, तितका दाब अधिक. हौद्याच्या तळाशी 30 अंशांचाच कोन करणारा पट्टा उभ्या पट्ट्याच्या निम्माच दाब देतो. लोखंडावर लोखंड घसरते, म्हणून मध्ये रबराची चटई घालावी. धारदार कडेवर पट्टा कापू नये म्हणून तेथेही रबर लावावे. चार-पाच किलोमीटर गेल्यावर गाडी बाजूला घेऊन ताण पुन्हा तपासावा. मजुरांना मालावर कधीही बसवू नये.

कायदा : 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार जादा वजनाबद्दल 20,000 रुपये व प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. मर्यादेबाहेर माल बाजूला, पुढे, मागे वा उंच गेला, तरी 20,000 रुपये दंड होतो. ही जबाबदारी गाडी चालविणाऱ्याची तशीच ती चालवू देणाऱ्याचीही आहे.

रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मग आपल्याच टेम्पोतून तशी वस्तू रस्त्यावर पडू न देणे हे आपले पहिले कर्तव्य ठरते. आमची सूचना एवढीच की, ठेक्याचा भाव सांगताना पट्टे, रबर व एका मदतनीसाचा वेळ यांचा खर्च आधीच धरावा. भावात धरलेला नसला, की गडबडीत प्रथम बांधणीवरच काटकसर होते.